कुरतडलेल्या पानांची बाग : मुलुंडमधील एका सोसायटीचा प्रकरण अभ्यास

मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या वस्तीत, एका जुन्या तीन मजली सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा पुनर्विकास झाला आणि काही वर्षे भाड्याच्या घरांत काढलेले सभासद नव्या इमारतीत राहायला आले. भोवतालची मोकळी जागा विकासकाने कराराप्रमाणे सजवून दिली होती. मागे हिरवळीचा गालिचा, भिंतीलगत एरिका आणि फॉक्सटेल पाम, वाटेच्या कडेला कातरलेल्या सोनेरी ड्युरांटाची किनार आणि प्रवेशद्वाराशी गोल डोक्याचे फायकस, असे तिचे रूप होते. जुन्या आवारातील शेवगा, तगर, कढीपत्ता आणि भिंतीवरची मधुमालती बांधकामात गेली. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीतील अटींमुळे मागच्या कोपऱ्यातला जुना आंबा आणि त्याच्या शेजारचे जांभूळ एवढी दोनच झाडे जागेवर उरली.

पहिल्या उन्हाळ्यात हिरवळ पिवळी पडली आणि विकासकाने लावलेली लिंबाची दोन रोपे वाळली. त्याच सुमारास काही ज्येष्ठ सभासदांनी कार्यकारिणीकडे लेखी विनंती केली की, मागची जागा पक्षी आणि फुलपाखरे येतील अशी करावी, कारण जुन्या इमारतीत पहाटे ऐकू येणारा दयाळ येथे ऐकू येत नव्हता. या कामात वनस्पतींचा जाणकार म्हणून माझी मदत घेण्यात आली. सुरुवातीला जवळजवळ सर्वांचा प्रश्न ‘कोणती झाडे लावायची’ हाच होता. मात्र या बागेचे यशापयश दोन वेगळ्याच गोष्टींनी ठरले. जमिनीखाली काय आहे ही पहिली, आणि रहिवासी कोणत्या गोष्टींना हात न लावण्याचे कबूल करतात ही दुसरी. झाडांची यादी त्यानंतर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेची पाहणी

इमारतीच्या पुढचा भाग अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मोकळा ठेवणे बंधनकारक असल्यामुळे तेथे काहीही लावण्याचा प्रश्न नव्हता. दक्षिणेकडच्या पट्ट्याखाली पाण्याची भूमिगत टाकी होती आणि तिच्या स्लॅबवर जेमतेम दीड फूट माती होती. पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या सपाट गच्चीवर, मुलांची खेळण्याची जागा आणि सिमेंटचे वाफे होते. खालच्या मूळ जमिनीशी जोडलेली, पाणी मुरू शकेल अशी जागा फक्त पश्चिमेला, इमारतीच्या मागे होती. सुमारे चार मीटर रुंद आणि तीस मीटर लांब असा तो पट्टा, ज्याच्या एका टोकाला आंबा आणि जांभूळ उभे होते. सर्व पैसा आणि श्रम याच पट्ट्यावर खर्च करावेत आणि पोडियमला तूर्त हात लावू नये, असे मी सुचवले व कार्यकारिणीने ते मान्य केले. आवारभर थोडे थोडे लावल्याने दिसायला हिरवे दिसते, पण पक्ष्याला किंवा अळीला जे सलग दाट आसरे लागतात ते कोठेच तयार होत नाहीत.

मियावाकी पद्धतीने घनदाट रोपे लावावीत, अशी एक सूचना पुढे आली होती. महापालिकेने शहरात त्या पद्धतीची लागवड मोठ्या प्रमाणावर केली असल्याने ती सर्वांना परिचित होती. मात्र एका चौरस मीटरमध्ये तीन-चार झाडे लावली की उजेडासाठी त्यांची उभी वाढ होते आणि खालच्या थरातील झुडपे व फुलझाडे सावलीत दबून जातात. चार मीटरच्या पट्ट्यात फुलपाखरांना हवे असलेले ऊन टिकवायचे, तर ही पद्धत तेथे उपयोगाची नव्हती.

माती

चार ठिकाणी खड्डे खणून पाहिले तेव्हा वरच्या अर्ध्या फुटाखाली लाल माती संपली आणि विटांचे तुकडे, फरशांचे कपचे, गिलाव्याचे ढेकूळ व घट्ट दाबलेले राबिट (बांधकामाचा मलबा) लागले. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. अशा भरावावर पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात त्याच मुळांना खाली ओलाव्यापर्यंत पोहोचता येत नाही. शिवाय सिमेंट आणि गिलाव्यातील चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. वाळलेल्या लिंबाच्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी जी लक्षणे दिसत होती ती याचीच होती. पाणी कमी पडले असे समजून सभासद त्या रोपांना दररोज अधिक पाणी घालत होते.

हा तपशील बागेच्या उद्देशाशी थेट जोडलेला आहे. लिंबू आणि कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडे मुंबईतील अनेक मोठ्या फुलपाखरांच्या अळ्यांचे अन्न आहेत. कॉमन मॉर्मन, लाइम आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉर्मन ही तिन्ही याच कुळावर अंडी घालतात. ज्या जमिनीत लिंबू तग धरत नाही, तेथे या फुलपाखरांसाठी फुलांचे ताटवे लावून फारसे काही साधत नाही. ती मकरंदासाठी येतील आणि निघून जातील.

त्यामुळे मे महिन्यात पट्ट्याचा मोठा भाग अडीच फूट खोल खणून राबिट बाहेर काढले आणि महापालिकेच्या व्यवस्थेमार्फत त्याची विल्हेवाट लावली. आंब्याच्या फांद्यांच्या पसाऱ्याखाली मात्र कुदळ चालवू दिली नाही, कारण बांधकामाच्या काळात त्याच्या मुळांना आधीच इजा झालेली होती आणि आणखी मुळे तुटली असती तर झाडच धोक्यात आले असते. तेथे फक्त पालापाचोळ्याचा जाड थर पसरला. बाकीच्या खड्ड्यांत लाल माती, जुने शेणखत आणि वाळलेली पाने मिसळून भरली. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वीच्या कचराभूमीवर उभे राहिले आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कार्यकारिणीच्या काही सदस्यांनी या टप्प्यावर ते पाहून घेतले आणि मातीवरच्या खर्चाला असलेला विरोध त्या भेटीनंतर बराच निवळला.

भराव नवा असल्याने तो खचणार होता. म्हणून पहिल्या पावसाळ्यात झाडे न लावता संपूर्ण पट्ट्यात ताग पेरला. ताग नत्र स्थिर करतो, त्याची मुळे घट्ट माती मोकळी करतात आणि फुलावर आला की तो मातीत गाडता येतो. सभासदांना हे रान वाटले आणि ‘बागेसाठी पैसे भरले ते गवतासाठी का’ असा प्रश्न सभेत विचारला गेला. ताग गाडताना भिंतीलगतची एक ओळ मुद्दाम उभी ठेवली होती. पावसाळा सरताना तिच्या वाळलेल्या खोडांवर आणि शेंगांवर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो जातीच्या फुलपाखरांचे थवे बसू लागले. या कुळातील नर तागासारख्या वनस्पतींमधून अल्कलॉइड्स नावाची काही विशिष्ट रसायने शोषून घेतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यापासून तयार करतात. एकही फुलझाड फुलावर आलेले नसताना दिसलेल्या या थव्यांनी जितके लोक बागेच्या बाजूला वळवले, तितके माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने वळले नव्हते.

लागवड

ऑगस्टच्या अखेरीस झुडपे आणि पुढच्या जूनमध्ये झाडे लावली. उंबर हे पक्ष्यांसाठी सर्वोत्तम झाडांपैकी एक आहे आणि त्याचा आग्रहही झाला, पण त्याची मुळे भूमिगत टाकी आणि पायाच्या इतक्या जवळ लावणे योग्य नव्हते. त्याऐवजी बहावा, कांचन आणि ताम्हण निवडली. भिंतीलगत करवंदाची दाट रांग लावली. तिच्या काट्यांमुळे मांजरे आत शिरत नाहीत आणि बुलबुलांना फळे मिळतात. मधल्या भागात मुरुडशेंग, धायटी, अडुळसा आणि कोरांटी आली. मुरुडशेंग आणि धायटी ही दोन्ही शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिकरीत्या वाढणारी झुडपे असून त्यांच्या फुलांवर शिंजीर (सूर्यपक्षी) येतात, तर कोरांटी आणि अडुळसा पॅन्सी गटातील फुलपाखरांच्या अळ्यांना अन्न पुरवतात. जाळीच्या कुंपणावर ईश्वरीचा वेल चढवला, कारण क्रिमझन रोज आणि कॉमन रोज ही फुलपाखरे या वेलाच्या कुळाखेरीज इतरत्र अंडी घालत नाहीत. कोरड्या, उन्हाच्या कोपऱ्यात प्लेन टायगरसाठी रुई लावली. तिचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने ती मुलांच्या वाटेपासून दूर ठेवली. लिंबू आणि कढीपत्ता सर्वात चांगली माती असलेल्या भागात लावले.

झाडे निवडण्यापूर्वी ठाण्यातील घोडबंदर रस्त्याजवळच्या ओवळेकरवाडीतील फुलपाखरू उद्यान पाहून आलेल्या सभासदांना एक गोष्ट ठळकपणे जाणवली होती. तेथील अनेक झाडांची पाने खाल्लेली होती. मुलुंडमधील खरा वाद याच मुद्द्यावर झाला.

पानांचा वाद

लागवडीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात कढीपत्त्याच्या कोवळ्या फांद्या अळ्यांनी खाऊन टाकल्या. एका सभासदांनी माळ्याला सांगून कीटकनाशक फवारून घेतले आणि दोन दिवसांत अळ्या मरून पडल्या. त्या सभासदांचा दोष होता असे मला वाटत नाही. बागेतले पान खाल्ले गेले म्हणजे रोग आला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि स्वयंपाकासाठी कढीपत्ता तोडायला गेलेल्या माणसाची तक्रार रास्त होती. तथापि फुलपाखरू हवे आणि अळी नको, ही मागणी मान्य करून चालणारी बाग असू शकत नाही. शिंपी आणि दयाळ हे पक्षी पिल्लांना प्रामुख्याने अळ्या आणि कीटकच भरवतात, त्यामुळे अळ्या नाहीशा केल्या तर पक्ष्यांची पुढची पिढीही तेथे वाढत नाही.

विशेष सर्वसाधारण सभेत पुढील तोडगा निघाला आणि तो माळ्याच्या करारात लिहिला गेला. मागच्या पट्ट्यात रासायनिक कीटकनाशक आणि तणनाशक वापरायचे नाही. घरगुती वापरासाठी कढीपत्त्याची वेगळी झाडे दक्षिणेच्या पट्ट्यात लावायची आणि मागच्या झाडांची पाने तोडायची नाहीत. पालापाचोळा झाडून गोळा करायचा नाही, वाटेवरचा तेवढा वाफ्यात ढकलायचा. भिंतीच्या बाजूची कोळ्यांची जाळी काढायची नाहीत, कारण शिंजीर आणि शिंपी घरटी बांधताना जाळ्याचेच तंतू वापरतात. या चारही अटी काही न करण्याच्या आहेत. माळीकाकांना सुरुवातीला त्या आपल्या कामावरचा अविश्वास वाटल्या. पाचोळ्याखालची माती उन्हाळ्यातही ओलसर राहते आणि पाणी कमी लागते, हे त्यांनी स्वतः पाहिले तेव्हा ते या पद्धतीचे सर्वात आग्रही समर्थक झाले.

आंबा आणि बांडगूळ

जुन्या आंब्यावर बांडगूळ होते आणि एक जाड फांदी वाळलेली होती. बांडगूळ झाडाचा रस शोषते, म्हणून ते पूर्ण काढावे असा साहजिक सल्ला मिळाला. परंतु हळदीकुंकू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉमन जेझबेल फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात आणि फुलटोच्या हा चिमुकला पक्षी त्याची फळे खाऊन जगतो. झाडाची प्रकृती पाहून मुख्य फांद्यांवरचे बांडगूळ काढले आणि कडेच्या एका फांदीवरचा एकच झुबका राहू दिला. फुलटोच्या त्याच्या बिया इतरत्र पसरवत राहणार असल्याने दरवर्षी नवे कोंब काढावे लागतात आणि ते काम करारात धरलेले आहे.

वाळलेल्या फांदीत तांबट पक्ष्याने ढोली कोरली होती. तांबट साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत विणीवर असतो आणि नेमक्या त्याच काळात, पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून मुंबईत सर्वत्र फांद्या तोडल्या जातात. पडून कोणाला इजा होईल अशी फांदी ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे. तज्ज्ञाकडून तपासणी करून आणि महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खालील आवश्यक परवानगी घेऊन ती फांदी डिसेंबरमध्ये निम्मी आखूड केली. बुंध्याकडचा जाड, सुरक्षित भाग ढोलीसह राहिला. छाटणीची वेळ एप्रिल-मेवरून डिसेंबरवर आणणे हा या प्रकरणातला सर्वात स्वस्त आणि तरीही सर्वात परिणामकारक निर्णयांपैकी एक होता, आणि मोठी झाडे असलेल्या कोणत्याही सोसायटीला तो घेता येण्यासारखा आहे.

भीती आणि आक्षेप

राष्ट्रीय उद्यान जवळ असल्याने बिबट्याची भीती सभेत सर्वप्रथम मांडली गेली. वस्तीत येणारा बिबट्या बहुधा भटक्या कुत्र्यांमागे येतो आणि कुत्रे उघड्या कचऱ्याभोवती जमतात. म्हणून बागेच्या कामाबरोबरच कचऱ्याचे डबे बंद खोलीत हलवले आणि ओल्या कचऱ्याचे खत झाकणबंद टाक्यांत करण्यास सुरुवात केली. करवंदाची दाट रांग भिंतीला ठेवून चालण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल इतकी मोकळी जागा सोडली आणि लहान मुलांनी अंधार पडल्यावर मागे एकटे जाऊ नये, हा नियम केला.

सापांबाबत आश्वासन देऊन कोणालाही फसवू नये, असे मी सांगितले. पाचोळा असलेल्या बागेत साप येऊ शकतो. उंदीर असलेल्या स्वच्छ फरशीच्या आवारातही तो येऊ शकतो. उंदरांसाठी ठेवलेली विषारी आमिषे बंद करून पिंजरे वापरण्याचे ठरले, कारण विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर तेही मरते. पुढे एकदा वाटेवर धामण दिसली, तेव्हा वॉचमनने लोकांना लांब उभे केले आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवले. तोपर्यंत ती भिंतीच्या बाजूने निघून गेली होती.

तळ्याच्या मागणीला मी विरोध केला. इमारतीत डेंग्यूचे रुग्ण होऊन गेले होते, आणि एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. गप्पी मासे सोडले असते तर त्यांनी डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लेही खाल्ली असती. त्यामुळे बेडकांची वीण हा उद्देश सोडून दिला. पक्ष्यांसाठी रोज घासून भरायची मातीची उथळ पसरट भांडी आणि फुलपाखरांना क्षार मिळावेत म्हणून ओल्या वाळूचे एक ताट ठेवले. पावसाचे पाणी दोन दिवसांत मुरून जाईल असा शोषखड्डा पट्ट्याच्या सखल टोकाला खणला.

कबुतरांना दाणे घालणे हा नाजूक विषय होता, कारण काही घरांत ती श्रद्धेची बाब आहे. महापालिकेने २०२५ मध्ये शहरातील कबुतरखाने बंद करण्यास सुरुवात केल्यानंतर चर्चा सोपी झाली. खिडकीतून धान्य टाकले जाते तेथे कबुतरे आणि उंदीर दोन्ही वाढतात आणि विष्ठेच्या धुळीने श्वसनाचे विकार होतात, हे मान्य झाले आणि ज्यांना दान करायचे आहे त्यांनी त्या रकमेतून झाडांचा खर्च उचलावा, असे एका आजींनी सुचवले. विकासकाने झाडांखाली बसवलेले वर प्रकाश फेकणारे दिवे काढून तेथे खाली प्रकाश टाकणारे मंद पिवळे दिवे लावले.

काय आले, काय आले नाही

तिसऱ्या वर्षाअखेर दयाळ पहाटे आंब्यावरून ऐकू येतो. त्याने ढोलीसारख्या लाकडी पेटीत घरटे केले आहे. शिंप्याने अडुळशाच्या जवळच्या मोठ्या पानांत आणि शिंजिराने तिसऱ्या मजल्यावरच्या केबलच्या वायरवर घरटे बांधले. वायर बदलण्याचे काम रहिवाशांनी आपणहून पुढे ढकलले. ईश्वरीच्या वेलावर क्रिमझन रोजच्या अळ्या आढळल्या. ब्लू मॉर्मन बराच काळ नुसते येऊन जात होते आणि अलीकडेच लिंबाच्या पानाखाली त्यांची अंडी दिसू लागली. लिंबाची पाने आता पिवळी पडत नाहीत.

काही अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत. ताम्हणाची वाढ खुंटलेली आहे, बहुधा त्या टोकाला राबिट पूर्ण निघालेले नसावे. करवंदाला फळे अजून नगण्य आहेत. मांजरांना खाऊ घालण्याची जागा प्रवेशद्वाराजवळ हलवून आणि निर्बीजीकरण करूनही उडायला शिकणाऱ्या पिल्लांचा बळी जातो. विणीच्या काळात सकाळी-संध्याकाळी वॉचमन त्या बाजूला फेरी मारतो, पण त्याने नुकसान थोडेच कमी होते.

सध्याची चिंता शेजारच्या भूखंडाची आहे. तेथील इमारतही पुनर्विकासाला जात असून नव्या पायाचे खोदकाम आंब्याच्या मुळांपर्यंत येऊ शकते. फांद्यांच्या पसाऱ्याखालील शेजारच्या बाजूची जमीन कुंपण घालून सुरक्षित ठेवावी, तेथे सिमेंट आणि लोखंड साठवू नये आणि मुळे कापण्याची वेळ आल्यास ते काम यंत्राऐवजी हाताने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे, अशी लेखी मागणी सोसायटीने वृक्ष प्राधिकरणाकडे आणि शेजारच्या सोसायटीच्या कार्यकारिणीकडे केली आहे. शेजाऱ्यांबरोबरची पहिली बैठक झाली असून, आपल्या बाजूची पाच फुटांची पट्टी राबिट न टाकता मूळ मातीसह सोडावी, हा प्रस्ताव त्यांनी आपल्या विकासकापुढे ठेवण्याचे मान्य केले आहे.